सड्यावर, भाटात किंवा मोरडीत सशाचे पिल्लू सापडले तर

गोव्यात गवताच्या झुबक्यात, काजूच्या झाडाखाली किंवा सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्या दगडाच्या आडोशाला एकटे बसलेले सशाचे पिल्लू दिसले, तर बहुतेक वेळा करण्याजोगी योग्य गोष्ट एकच असते, ती म्हणजे त्याला हात न लावता आल्या पावली मागे फिरणे. हे सांगायला सोपे असले तरी पाळायला अवघड आहे. मुठीत मावेल एवढा तो जीव कान पाठीला चिकटवून, डोळे उघडे ठेवून, जराही न हलता बसलेला असतो आणि आजूबाजूला आई कुठेच दिसत नाही, तेव्हा पाहणाऱ्याची खात्री पटते की हे पिल्लू पोरके झाले आहे. मग ते ओंजळीत उचलले जाते, घरी खोक्यात ठेवले जाते, त्याला गायीचे दूध पाजले जाते आणि त्यातील अनेक पिल्ले पुढच्या काही दिवसांत मरतात. सशाचे पिल्लू एकटे असणे हे त्याच्यावरच्या संकटाचे लक्षण समजले जाते, प्रत्यक्षात ती त्याच्या सुरक्षिततेची पद्धत आहे. या लेखातील पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीवर उभ्या आहेत, त्यामुळे तिचे कारण आधी नीट समजून घेणे बरे.

आपला ससा कसा वाढतो

गोव्यात रानात आढळणारा ससा हा काळ्या मानेचा भारतीय ससा होय. त्याचे शास्त्रीय नाव लेपस निग्रिकॉलिस असे आहे. प्रौढ सशाच्या मानेच्या मागच्या बाजूला काळसर पट्टा असतो आणि अंग मातकट तपकिरी असते. दिवसा तो गवतात किंवा झुडपाखाली अंग दाबून केलेल्या उथळ खळग्यात पडून राहतो आणि संध्याकाळनंतर चरायला निघतो. तो बीळ खणत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतील माळ आणि सडे, काजूची भाटे म्हणजे बागायती, भातशेतीला लागून असलेली गवताळ मोरड म्हणजे उंचवट्याची जमीन, सांगे व काणकोणच्या रानांच्या कडा अशी अर्धी उघडी, अर्धी झाकलेली जागा त्याला मानवते, आणि म्हणूनच तो दाट जंगलापेक्षा माणसाच्या वावराच्या जवळच अधिक दिसतो.

पाळीव ससा, म्हणजे पिंजऱ्यात ठेवला जाणारा पांढरा किंवा चट्टेपट्टे असलेला ससा, हा वेगळा प्राणी आहे. त्याचे मूळ युरोपातील बिळात राहणाऱ्या रानसशात आहे. त्याची पिल्ले उघडीनागडी आणि डोळे मिटलेली जन्मतात, आईने स्वतःच्या अंगावरचे केस उपटून केलेल्या उबदार घरट्यात पडून राहतात आणि साधारण दहाव्या दिवशी डोळे उघडतात. आपल्या रानातील सशाचे पिल्लू मात्र जन्मतःच अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन येते आणि थोड्याच वेळात हालचालही करू शकते. मादी एका वेळी बहुधा एक किंवा दोन पिल्ले देते. वर्षाच्या कोणत्याही महिन्यात पिल्ले होऊ शकतात, परंतु पावसाळ्यात त्यांचे प्रमाण वाढते.

आता आई का दिसत नाही, ते पाहू. सशाच्या पिल्लाला त्या वयात स्वतःचे रक्षण करता येत नाही आणि आईलाही कोल्हा, रानमांजर किंवा मुंगूस यांच्याशी झुंजता येत नाही. दोघांकडे उपाय एकच आहे, तो म्हणजे दिसू न देणे. मोठ्या अंगाची, मोठ्या वासाची आई पिल्लापाशी बसून राहिली तर तीच शत्रूला वाट दाखवील. म्हणून ती दिवसभर दूर राहते. आपल्या सशाच्या जवळच्या नात्यातील युरोपातील तपकिरी सशाचा या बाबतीत बराच अभ्यास झाला आहे. त्यात आढळलेला क्रम असा, की जन्मानंतर दोन-तीन दिवसांत भावंडे एकमेकांपासून पांगून वेगवेगळ्या ठिकाणी लपतात, सूर्यास्तानंतर पाऊण तासाच्या सुमारास जन्मस्थानाजवळ परत गोळा होतात, आई येते, अवघी काही मिनिटे दूध पाजते आणि निघून जाते, व पिल्ले पुन्हा पांगतात. चोवीस तासांतील एवढीच त्यांची भेट असते. दुपारी बारा वाजता ज्याला आई दिसली नाही त्याने त्यावरून काहीही निष्कर्ष काढू नये, कारण त्या वेळी तिथे आई असणे हेच उलट अपवादात्मक ठरले असते.

इंटरनेटवरच्या सल्ल्याबद्दल सावधगिरी

सशाचे पिल्लू सापडल्यावर बरेच लोक पहिल्यांदा मोबाईलवर शोध घेतात आणि तिथे मिळणारा बहुतेक सल्ला अमेरिकेतील असतो. तिकडच्या घरांच्या हिरवळीत पिल्ले घालणारा कॉटनटेल नावाचा ससा उथळ खड्ड्यात गवत व केसांचे घरटे करतो आणि त्याची पिल्ले आंधळी व केसविरहित जन्मतात. म्हणून तिथले जाणकार सांगतात की घरट्यावर दोऱ्याची फुली ठेवा किंवा भोवती पीठ भुरभुरा आणि सकाळी ते विस्कटले आहे का ते पाहा, म्हणजे आई येऊन गेली की नाही ते कळेल. तो सल्ला तिथे योग्यच आहे. पण आपल्या सशाला घरटेच नसते, पिल्लू संध्याकाळी स्वतः उठून आईला भेटायला दुसरीकडे जाऊ शकते, त्यामुळे दोरा जागचा न हलल्याने काहीच सिद्ध होत नाही. पिठाची गोष्ट तर आपल्या हवेत घातकच म्हटली पाहिजे, कारण पीठ पडले की तासाभरात तिथे मुंग्यांची रांग लागते. विस्कटलेले घरटे पुन्हा नीट रचावे, पिल्लांना त्यात ठेवून वर गवत पसरावे, हा उपदेशही इथे गैरलागू आहे. परदेशातील माहिती वाचताना आधी ती कोणत्या सशाबद्दल आहे हे पाहावे.

याच अनुषंगाने आणखी एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गवतात किंवा घराच्या आढ्यात सापडलेले पिल्लू केसविरहित, गुलाबी आणि डोळे मिटलेले असेल, तर ते आपल्या रानसशाचे असू शकत नाही. ते बहुधा उंदराचे, घुशीचे किंवा खारीचे असेल. त्या प्रत्येकाची निगा वेगळी असते, म्हणून अशा वेळी अंदाजाने काही करण्याऐवजी छायाचित्र काढून ते वन खात्याला किंवा पशुवैद्याला दाखवावे.

पहिली पाच मिनिटे

पिल्लू दिसताच पुढे जाऊ नये. आहे त्या जागी थांबावे, बरोबर मुले असतील तर त्यांना हळू आवाजात मागे घ्यावे आणि कुत्रा असेल तर त्याला लगेच दोरीने धरावे. पंधरा-वीस पावलांवरून पिल्लाकडे नीट पाहावे. मोबाईलचा कॅमेरा झूम करून पाहिले तर जवळ न जाताही बरेच दिसते. पिल्लू निश्चल असेल, डोळे उघडे व स्वच्छ असतील, अंगावर रक्त नसेल आणि त्याचा श्वास चालू दिसत असेल, तर ते ठणठणीत आहे असे समजावे. निश्चल राहणे हे त्याचे कामच आहे. ते घाबरून गोठले आहे किंवा अशक्त झाले आहे अशी शंका येते, पण जवळ गेल्यावरही न पळणारे लहान पिल्लू बहुधा निरोगीच असते.

ते पावसात भिजलेले असले तरी एवढ्यावरून ते संकटात आहे असे मानण्याचे कारण नाही. जुलैतल्या सड्यावर जन्मलेले पिल्लू पावसात भिजणारच. मात्र ज्या खळग्यात ते बसले आहे तिथे पाणी साचू लागले असेल किंवा पाणी वाहत असेल, तर गोष्ट वेगळी, आणि तिचा विचार पुढे केला आहे.

पाहून झाले की जागा लक्षात ठेवून निघून जावे. पुन्हा पुन्हा येऊन पाहणे टाळावे. कावळे माणसाच्या हालचालीवर बारीक नजर ठेवून असतात, आणि चार माणसे गोल करून कुठे वाकली की तिथे काय आहे ते पाहायला येतातच. छायाचित्र व्हॉट्सॲपच्या गटावर ठिकाणासह टाकणे हेही त्याच प्रकारचे आमंत्रण आहे, फक्त त्यातून येणारे कावळे दुचाकीवरून येतात. गोव्याच्या ग्रामीण भागात सशाची शिकार अजून पूर्ण थांबलेली नाही, आणि जिथे पिल्लू आहे तिथे रात्री आई येणार आहे ही माहिती शिकाऱ्याला फुकट देण्यात शहाणपण नाही.

आई परत येते की नाही याची खरोखरच काळजी वाटत असेल, तर ती पाहण्याची वेळ एकच, संध्याकाळची. गोव्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनच्या अखेरीस सात वाजून गेल्यावर. त्यानंतरचा तासभर तिथे माणूस, बॅटरीचा उजेड आणि कुत्रा यांपैकी काहीही नसणे आवश्यक आहे. लपून पाहण्याच्या नादात आपणच आईला अडवून धरतो, म्हणून मी तरी पाहायला न जाण्याचाच सल्ला देईन. दुसऱ्या दिवशी सकाळी लांबूनच एक नजर टाकावी. पिल्लू तिथे नसेल तर ते जागा बदलून बसले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याच जागी टवटवीत दिसत असेल तर त्याला रात्री दूध मिळाले आहे.

कधी हस्तक्षेप करावा

पिल्लाला खरोखर मदत लागते अशा परिस्थिती थोड्या आहेत आणि त्या ओळखता येतात. अंगावर जखम किंवा रक्त असणे, पाय वेडावाकडा लोंबणे, अंगावर माश्या घोंगावणे किंवा केसांत माश्यांची पांढरी अंडी दिसणे, मुंग्या किंवा हुमले (तांबडे चावरे मुंगळे) चढलेले असणे, पिल्लू एका कुशीवर कलंडून थंड पडलेले असणे, ही स्पष्ट लक्षणे आहेत. भरदिवसा उघड्यावर भरकटत फिरणारे आणि आवाज करणारे अगदी लहान पिल्लूही बहुधा उपाशी असते. जवळच रस्त्यावर मेलेली किंवा फाशात अडकून मेलेली मादी दिसली, तर पिल्लू पोरके असल्याचा तो सबळ पुरावा मानावा. आणि मांजराने किंवा कुत्र्याने तोंडात धरलेले पिल्लू वरून कितीही धडधाकट दिसले तरी ते जखमी आहे असेच धरून चालावे, कारण मांजराच्या दातांनी झालेली भोके केसांखाली दिसत नाहीत आणि तिच्या तोंडातील जिवाणूंमुळे एक-दोन दिवसांत रक्तात विष पसरू शकते. अशा पिल्लाला जागेवर सोडून न देता त्याच दिवशी पशुवैद्यापर्यंत पोहोचवावे.

याखेरीज एक मधली अवस्था असते, ती म्हणजे पिल्लू निरोगी आहे पण जागा धोक्याची आहे. रस्त्याच्या डांबरावर, पाणी शिरणाऱ्या चरात, जेसीबी चालणाऱ्या बांधकामाच्या जागी किंवा ग्रास कटर येऊन ठेपलेल्या गवतात ते बसलेले असते. अशा वेळी त्याला फक्त धोक्याबाहेर, तेही शक्य तितके जवळ, सरकवावे. काही पावलांवरचे दाट गवत किंवा झुडूप पुरे. 'सुरक्षित रान' म्हणून त्याला मैलभर दूर नेऊन सोडणे म्हणजे त्याची आईशी ताटातूट करणेच होय, कारण आई त्याला शोधते ती जन्मस्थानाच्या आसपास.

उचलताना हातमोजे घालावेत किंवा स्वच्छ सुती कापड वापरावे. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घेऊन पिल्लू कापडात हलकेच गुंडाळावे. कान धरून कधीही उचलू नये. जुन्या पिढीतील शिकारी तसे उचलत असत म्हणून तीच रीत आहे असा समज राहिला आहे, पण त्याने इजा होते, आणि मागचे पाय मोकळे राहिले तर झटका देताना ससा स्वतःच्याच पाठीचा कणा मोडून घेऊ शकतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज मात्र खरा नाही. हात लावू नये तो भीतीने पिल्लाचे हाल होतात म्हणून, आई त्याला नाकारील म्हणून नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण या समजापायी 'आता हात लागलाच आहे, तर घरीच नेऊ' असा निर्णय अनेकजण घेतात.

आधीच घरी आणलेले पिल्लू

मुलांनी काजू वेचताना उचलून आणले, चवथीआधी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीचे, सामान काढायला रानात गेलेल्या कुणीतरी पिशवीतून आणले, किंवा पावसाळ्यात अळंबी शोधताना सापडले, असे प्रसंग घडत असतात. पिल्लू निरोगी असेल आणि नेमकी जागा माहीत असेल, तर त्याला त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी तिथेच परत ठेवावे. ज्याने उचलले त्यालाच बरोबर घेऊन जावे, कारण 'त्या आंब्याच्या पलीकडे' अशा वर्णनावरून योग्य जागा सापडत नाही. एक रात्र गेली असली तरी दुसऱ्या दिवशी हा प्रयत्न करण्याजोगा असतो. ठेवल्यावर भोवतीचे गवत सारखे करून लगेच निघून यावे. दोन दिवसांहून अधिक काळ गेला असेल, पिल्लू मलूल झाले असेल किंवा जागाच माहीत नसेल, तर ते वन खात्याच्या स्वाधीन करणे हाच मार्ग उरतो.

मुलांना रागावण्यात अर्थ नाही. रागावलेले मूल पुढच्या वेळी पिल्लू लपवून ठेवते, आणि ते अधिक वाईट.

जखमी पिल्लाला पोहोचवेपर्यंत

पिल्लू खरोखरच जखमी किंवा पोरके असेल, तेव्हा आपले काम त्याला बरे करण्याचे नसून तज्ज्ञाच्या हाती जिवंत पोहोचवण्याचे असते. पुठ्ठ्याचा मध्यम खोका घ्यावा. किराणा दुकानातला कोणताही चालेल, मात्र दारूच्या किंवा मासळीच्या वासाचा नको. त्याला बाजूने हवेसाठी भोके पाडावीत आणि तळाशी सुती कापड अंथरावे. टॉवेलचे धागे सुटलेले असतील तर त्यात नखे व पाय अडकतात, म्हणून साधे जुने लुगडे किंवा चादरीचा तुकडा उत्तम. पिल्लू ठेवून खोका बंद करावा. अंधार आणि शांतता हेच त्याचे पहिले औषध आहे. ससा भीतीनेच मरू शकतो, हे कुणाला खरे वाटत नाही, पण सतत हाताळणे, गोंगाट, टीव्ही, कुत्र्याचे भुंकणे आणि पाहायला येणारे शेजारी यांचा ताण लहान पिल्लाला सहन होत नाही.

पिल्लू थंड लागत असेल तर प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून, ती कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे ऊब नकोशी झाली तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. एप्रिल-मे महिन्यांत मात्र उलट काळजी घ्यावी लागते. बंद गाडीत उन्हात ठेवलेला खोका काही मिनिटांत तापतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने हलका दाब द्यावा. हळद, चुना, डेटॉल, माणसांची मलमे यांपैकी काहीही लावू नये.

हाताळताना आपल्याला ओरखडा आला किंवा पिल्लू चावले, आणि विशेषतः त्याला आधी कुत्रा चावला असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावी.

खाणे-पिणे

इथेच सर्वाधिक पिल्ले दगावतात, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो. पिल्लाला काहीही पाजू नये. पाणीही नाही. आई त्याला दिवसातून एकदाच पाजते, त्यामुळे वन खात्याचे माणूस येईपर्यंत किंवा दवाखाना गाठेपर्यंतच्या काही तासांत ते उपासमारीने मरत नाही. उलट ड्रॉपरने किंवा कापसाच्या बोळ्याने घाईघाईने पाजलेले दूध श्वासनलिकेत जाते, फुप्फुसांत उतरते आणि न्यूमोनिया होतो. थंड पडलेल्या पिल्लाला तर पचनाची ताकदच उरलेली नसते.

गायीचे किंवा म्हशीचे दूध त्याच्यासाठी अन्न ठरत नाही. सशांच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गायीच्या दुधाच्या सुमारे तिपटीने किंवा त्याहूनही अधिक असतात, आणि दुग्धशर्करा मात्र फारच थोडी असते. त्या दाट दुधामुळेच दिवसातून एका पाजण्यावर पिल्लाचे भागते. गायीच्या दुधाने त्याला पुरेसे पोषण मिळत नाही, वर न पचणाऱ्या शर्करेने जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब एका दिवसात संपवतात. दुधात पाणी घालून पातळ करण्याची घरगुती युक्ती तर नुकसानात भरच घालते. बकरीचे दूध, लहान मुलांची दुधाची पावडर, पेज, केळे, बिस्कीट, गाजर यांनाही हाच नियम लागू आहे. गाजराचे नाते चित्रांतल्या सशाशी आहे, सड्यावरचा ससा गवत, कोवळे कोंब आणि पाला खाऊन वाढतो.

औषधांबाबतही असेच. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळीचा तुकडा चारणे धोक्याचे आहे, कारण माणसांना सर्रास दिली जाणारी पेनिसिलिनच्या गटातील काही औषधे तोंडावाटे दिल्यास सशांच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा दगावतो. कुत्र्या-मांजरांवर नेहमी उपचार करणाऱ्या पशुवैद्यालाही आपण 'हा ससा आहे, पाळीव नव्हे, रानातला' असे आवर्जून सांगावे.

कायदा आणि वन खाते

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानससा हा संरक्षित प्राणी आहे. त्याला मारणेच नव्हे, तर पकडणे आणि विनापरवाना ताब्यात ठेवणे हाही गुन्हा ठरतो, मग हेतू माया लावण्याचा का असेना. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार असा प्राणी सरकारची मालमत्ता समजला जातो, आणि तो कोणत्याही कारणाने आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. जखमी पिल्लू सद्भावनेने उचलून लगेच कळवणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. अडचण येते ती महिनाभर पिंजऱ्यात ठेवून मग कुणी तक्रार केल्यावर.

आपल्या भागातील परिक्षेत्र वन अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा क्रमांक गरज पडण्याआधीच मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावा. पंचायतीत तो सहसा मिळतो. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला किंवा मोले येथील भगवान महावीर अभयारण्याच्या जवळच्या गावांत वनरक्षक ओळखीचेच असतात, तिथे प्रश्न येत नाही. क्रमांक हाताशी नसेल तर ११२ वर फोन करून प्रसंग सांगावा आणि निरोप वन खात्याकडे पोहोचवण्याची विनंती करावी. कळवताना सापडल्याची नेमकी जागा, वेळ, काय दिसले, कुणी काय पाजले असल्यास तेही न लपवता सांगावे. जागेची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण पिल्लू वाचले तर त्याला परत तिथेच सोडता येते. मोबाईलवर त्या जागेचे लोकेशन जतन केले तर उत्तमच.

माणसाच्या हातावर वाढलेला रानससा पुन्हा रानात टिकणे फार कठीण असते. ज्याला कुत्र्याच्या वासाची भीती उरली नाही तो फार काळ तग धरत नाही. वाढवायचेच झाले तर ते अनुभवी माणसाने, माणसाशी कमीत कमी संबंध ठेवून करायचे काम आहे.

भाटकार, शेतकरी आणि बागायतदारांसाठी

गोव्यात पिल्लांशी गाठ पडण्याचे सर्वांत नेहमीचे निमित्त म्हणजे रान साफ करणे. काजूचा हंगाम सुरू होण्याआधी झाडांखालचे गवत व झुडपे काढली जातात, पावसाळा सरताना मोरडीवरचे आणि बांधांवरचे गवत कापले जाते, आणि आता ही कामे कोयत्याऐवजी ग्रास कटरने होतात. कोयता चालवणाऱ्याला पिल्लू दिसते आणि तो हात आवरतो. यंत्राच्या आवाजाने मोठा ससा पळतो, पण पिल्लू आपल्या स्वभावानुसार जागीच दबून राहते आणि पात्यात सापडते. म्हणून यंत्र सुरू करण्याआधी दोन-तीन माणसांनी काठीने गवत हलवत, बोलत, त्या तुकड्यातून एक फेरी मारावी. कापणी बाहेरून आत गोल गोल न करता एका कडेने सुरू करून न कापलेल्या बाजूकडे सरकत जावी, किंवा मध्यापासून बाहेर यावे, म्हणजे आतील प्राण्यांना पळायला आडोसा उरतो. चारी बाजूंनी कापत आल्यास शेवटच्या मधल्या तुकड्यात सगळे अडकतात. पाते जमिनीपासून वीतभर वर ठेवणे शक्य असेल तिथे ठेवावे. कापताना पिल्लू सापडलेच तर त्याच्याभोवती गवताचा एक तुकडा दोन-तीन आठवडे तसाच राहू द्यावा, तेवढ्याने उत्पन्न बुडत नाही.

आगीबाबत अधिक कडक राहावे लागेल. वाळलेले गवत पेटवून भाट साफ करण्याची सवय अजून आहे, आणि मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात लागलेल्या वणव्यांनंतर तरी तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. आगीपुढेही पिल्लू दबूनच राहते. पालापाचोळा गोळा करून झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घालणे हे काजूच्या झाडालाही मानवते.

रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशांत ससेही अडकतात. आपल्या भाटात दुसऱ्या कुणी लावलेला फास दिसला तर तो न हलवता छायाचित्र घेऊन वन खात्याला कळवावे. पाळलेली कुत्री तिन्हीसांजेपासून सकाळपर्यंत बांधून ठेवली आणि मांजरे रात्री घरात घेतली, तर सड्यालगतच्या वाड्यांवर बरीच पिल्ले वाचतात.

पांढरा ससा दिसला तर

शेवटी वेगळ्या सशाबद्दल. घराच्या आवारात किंवा रस्त्याकडेला पांढरा, काळा-पांढरा किंवा लोंबत्या कानांचा ससा दिसला, तर तो कुणीतरी पाळलेला आणि सुटलेला किंवा सोडून दिलेला आहे. त्याला हात न लावता मागे फिरण्याचा नियम लागू होत नाही. त्याला रानात सोडणे म्हणजे कुत्र्यांपुढे टाकणे, शिवाय त्याचे रोग रानातील प्राण्यांपर्यंत नेणेही होय. त्याला पकडावे, पिंजऱ्यात किंवा मोठ्या खोक्यात ठेवून गवत व पाणी द्यावे, शेजारीपाजारी मालकाची चौकशी करावी आणि मालक न सापडल्यास प्राणी निवारा केंद्राकडे द्यावे. घराच्या कोपऱ्यात केसांच्या घरट्यात उघडीनागडी पिल्ले सापडली आणि आसपास अशी पाळीव मादी फिरत असेल, तर पिल्लांना घरट्यासकट तिच्याजवळच ठेवावे. तीही त्यांना दिवसातून एकदा किंवा फार तर दोनदाच पाजते, म्हणून ती त्यांच्याजवळ बसत नाही यावरून घाबरून जाऊ नये. सकाळी पिल्लांची पोटे गोल आणि अंग उबदार असले की दूध मिळते आहे असे समजावे, आणि पोटे आत ओढलेली, कातडी सुरकुतलेली दिसली तर पशुवैद्याला बोलवावे.